तू आळशी झालेला नाहीस

पुणे, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, "हल्ली काहीच करावंसं वाटत नाही रे, आळशी झालोय मी," आणि लगेच पावसाच्या विषयावर गेलास. मागं पोरांचा गलका, त्यात तुझं नेटवर्क, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातनं जाईना. मेसेज लिहायला घेतला, मग वाटलं तुझ्या फोनमध्ये आधीच इतके येऊन पडतात त्यात अजून एक कशाला, म्हणून हे कागदावर लिहून पोस्टानं पाठवतोय. सवडीनं वाच, तुकड्या तुकड्यात वाच, उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.

पहिलं म्हणजे तो आळशी शब्द काढून टाक. कराडला रूमवर राहताना पहाटे उठून पेपर टाकून मग लेक्चरला येणारा तू, तुला मी ओळखतो. आळशी माणसाला काम राहिल्याचं काही वाटत नाही, तो निवांत झोपतो. तुला काम करायचंय, करतोयस पण, आणि तरी रविवारी दुपारी कॉटवर पडून पत्र्याकडं बघत राहतोस, झोप पण लागत नाही, उठायला पण होत नाही, हे तूच सांगितलंस ना मागं. याला आळस म्हणत नाहीत.

तुझा दिवस मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकलाय की मला पाठ झालाय. सकाळी गाडी काढून वाडीवर जायचं, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, दुसरे गुरुजी ट्रेनिंगला नाहीतर मीटिंगला गेले की चारही वर्ग तुझ्या एकट्याकडं. पोरं वाचायला बसतायत न बसतायत तोवर पोषण आहाराची नोंद भरायची, आज किती जेवली, आणि ती भरायला शाळेमागच्या टेकाडावर चढायचं कारण रेंज तिथंच येते. मग यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, एकाच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही म्हणून त्याच्या आईला फोन, ती कामावर, फोन बापाकडं, बाप मुंबईला. मग पोरांच्या अपार आयडीचं, म्हणजे त्या विद्यार्थी ओळख क्रमांकाचं राहिलेलं, मग कार्यक्रमाचे फोटो, मग ग्रुपवर मेसेज की माहिती आज दुपारी चारपर्यंत सादर करावी, आणि तीच माहिती तू मागच्या आठवड्यात दुसऱ्या फॉरमॅटमध्ये दिलेली असते. वर बीएलओची, म्हणजे मतदार यादीची ड्युटी. शिक्षण हक्काच्या आरटीई कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही, पण ही रोजची पोर्टलं शिक्षणाचीच म्हणून धरली जातात त्यामुळं ते कलम तिथं तुझ्या उपयोगाला येत नाही. घरी आलास की आण्णांच्या शुगरच्या गोळ्या संपत आलेल्या, पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, गॅसची केवायसी.

आता यातलं एक तरी काम अवघड आहे का सांग. प्रत्येक पाच-दहा मिनिटांचं. म्हणूनच संध्याकाळी कोणी विचारलं की आज काय केलंस तर सांगता येत नाही आणि मग आपल्यालाच वाटायला लागतं की काहीच केलं नाही तर मी दमलो कसा, म्हणजे मीच आळशी. तू इथंच फसतोयस असं मला वाटतं.

तुझे आण्णा रात्रीची लाईट असली की उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचे, थंडीत गुडघाभर चिखलात, आणि सकाळी येऊन जे झोपायचे ते दुपारी उठायचे. त्यांना काळज्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही, कर्ज होतं, उसाचं बिल वेळेवर यायचं नाही, पाऊस तर कुणाच्याच हातात नाही. पण पाणी शेवटच्या सरीला पोचलं की ते काम झालेलं असायचं आणि झालेलं डोळ्यांना दिसायचं. तुझ्या माझ्या कामात शेवटची सरी येतच नाही रे. मला वाटतं आपल्याला दमवणारं काम ते नाहीच जे आपण केलं, काम संपलं असं कधीच न वाटणं आपल्याला दमवतंय, आणि हे मी नुसतं तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, गेले काही महिने मी याच्यावर मिळेल ते वाचतोय कारण माझं पण तुझ्यासारखंच चाललंय.

आमच्याकडं बँकेत डे एंड असतो. कॅश मोजायची, सिस्टीमशी जुळवायची, दोघांच्या चाव्यांनी तिजोरी बंद करायची, फरक आला तर तो सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही. कंटाळवाणं आहे पण ते झालं की तो दिवस बंद होतो. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे हेड कॅशियर सांगायचे की लेजरच्या काळात टॅली व्हायला रात्र व्हायची, बॅलन्सिंगला तर सुट्टीच्या दिवशी पण बसावं लागायचं, म्हणजे काम तेव्हा कमी होतं असं अजिबात नाही, पण एकदा शटर पडलं की बँकेतलं काही घरी यायचंच नाही. आता पैशाचा डे एंड होतो, माणसाचा होत नाही. तिजोरी बंद झाली की ग्रुप चालू होतात, एक रिजनचा, एक कॅम्पेनचा, एक रिकव्हरीचा. आज अटल पेन्शन किती, विमा किती, खाती किती, शून्यवाल्या ब्रँचची नावं लाल रंगात, आणि रात्री जेवायच्या वेळेला "उद्याचं कमिटमेंट द्या." बरं त्यातलं प्रत्येक आपल्यासाठी नसतं, पण ते आपल्यासाठी नाही हे कळायला आधी ते वाचावं लागतं. पोरगा शेजारी बसून शाळेतलं काहीतरी सांगत असतो, शब्द कानावर पडतात आणि आत जात नाहीत.

याच्यावर अभ्यास झालेत, दोन-तीन सांगतो. ब्लूमा झायगार्निक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होत्या, बर्लिनमध्ये काम करताना त्यांनी १९२७ साली मांडलं की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. पुढं हा प्रयोग बऱ्याच जणांनी परत केला आणि सगळ्यांना तसंच दिसलं नाही, म्हणून ते मी फार ताणत नाही. पण २००९ मध्ये सोफी लरॉय यांनी जे दाखवलं ते मला जास्त पटतं, की एक काम मधेच सोडून दुसऱ्याकडं गेलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामावरच राहतो, आणि मग पुढचं काम पण नीट होत नाही. आता तू विचार कर, पोरांना हातच्याची वजाबाकी शिकवताना मधेच फोन वाजतो, तू फोन खिशात टाकून परत फळ्याकडं वळतोस, पण तुझा एक भाग त्या फोनमध्येच राहिलेला असतो, आणि हे दिवसातनं कितीतरी वेळा.

अजून एक पॅरिसचा अभ्यास, २०२२ चा. तिथल्या संशोधकांनी एका गटाला सहा तासांहून जास्त वेळ डोक्याला ताण देणारी कामं दिली आणि दुसऱ्या गटाला त्याच प्रकारची पण सोपी. दिवसाच्या शेवटी ताणाचं काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं द्रव्य जास्त साचलेलं दिसलं. आणि मला जे महत्त्वाचं वाटलं ते असं की पैशाचे पर्याय दिले तेव्हा हे लोक कमी कष्टाचं आणि लगेच मिळणारं निवडायला लागले. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही हे मान्य, पण रात्री अकरा वाजता आपण पुस्तक न उघडता रील्स का बघत बसतो, आणि तासभर बघून बरं का वाटत नाही, याचं काहीतरी उत्तर मला त्यात दिसलं. तू म्हणतोस ना की पूर्वी महिन्याला एक कादंबरी वाचून व्हायची आणि आता दोन पानं पण होत नाहीत. तुझी आवड मेली असं समजू नको. निवड करणारा जो भाग आहे तोच संध्याकाळपर्यंत दमलेला असतो, मग अंगठा जिकडं सरकतो तिकडं आपण जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट आपल्या आजारांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत घेतलं, पण आजार म्हणून घेतलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण सतत राहिला आणि आवाक्यात आणला गेला नाही की जे होतं ते, अशी त्यांची मांडणी आहे. तीन लक्षणं सांगितलीत, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. तिन्ही वाचताना मला तू दिसलास. विशेषतः दुसरं, कारण पूर्वी तू फोन केलास की आधी पोरांच्या गोष्टी सांगायचास, कोण जोडाक्षरं वाचायला लागला, कोणी काय चित्र काढलं. गेल्या वर्षभरात तू मला एकाही पोराचं नाव सांगितलेलं नाहीस. मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आणि मांडणीतला शब्द बघ, कामाच्या ठिकाणचा ताण. म्हणजे कारण बाहेर आहे आणि उपाय मात्र सगळे आपल्यालाच सांगतात, लवकर उठा, पॉझिटिव्ह राहा, प्राणायाम करा. आमच्याकडं पण स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं. प्राणायामानं बरं वाटतं, मी स्वतः करतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रात्री दहाला आकडे मागायचे बंद न करता माणसाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवणं हे मला पटत नाही आणि मी ते तिथं उठून सांगितलं पण.

तुला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात का, आपण इतिहासात त्यांच्यावर दोन ओळी वाचल्या होत्या. जोतिबा फुल्यांचे सहकारी, दीनबंधू पेपरचे संपादक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या काय तर आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पहाटे साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. एवढ्यासाठी सहा वर्षं झगडले. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार हे पण त्यांनी मांडलं. १० जून १८९० ला मालकांनी ते मान्य केलं आणि रविवार मिळाला. मी हे वाचलं तेव्हा खूप वेळ तसाच बसून राहिलो. कुणीतरी आपल्यासाठी अख्खा एक दिवस भांडून मिळवला आणि आपण तो खिशातल्या फोनमुळं थोडा थोडा करून परत देऊन टाकतोय, तेही कुणी जबरदस्तीनं गेटवर उभं न राहता. लोखंड्यांना सुट्टी कुणाकडं मागायची हे तरी दिसत होतं, गिरणी होती, भोंगा होता, मालक होता. आपल्याला रविवारी सकाळी मेसेज टाकणारा माणूस पण वरनं आलेला मेसेज पुढं ढकलत असतो, त्याला पण उत्तर द्यायचं असतं, त्यामुळं त्याच्यावर चिडून पण उपयोग नाही.

पण म्हणून काहीच होऊ शकत नाही असं नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदा आहे, पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून लांब राहायच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलावं लागतं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या आणि वर्षभरानं लहान आस्थापनांतल्या कामगारांना पण तसा हक्क लागू झालाय. आपल्याकडं सुप्रिया सुळेंनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत यावरचं खाजगी विधेयक मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरमध्ये परत मांडलं. खाजगी विधेयकं सहसा कायदा होत नाहीत हे तुलाही माहितीय, पण निदान या गोष्टीला हक्क म्हणून कुणीतरी संसदेत बोललं. तुमच्या संघटनेच्या निवेदनात पेन्शन आणि बदल्यांच्या जोडीला हे का नसावं? संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी ग्रुपवर माहिती मागू नये, एवढी एक ओळ. तू एकट्यानं म्हणालास तर तू कामचुकार ठरशील, सगळे मिळून म्हणालात तर केंद्रप्रमुखांना पण वर दाखवायला कागद मिळेल, आणि मला खात्री आहे ते पण तितकेच दमलेले असणार.

वहिनींबद्दल पण लिहायचं होतं. तू म्हणालास की ती हल्ली लगेच चिडते. अरे तिचा दिवस बघ ना. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत आलंय की स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. आणि यात वेळ देऊन केलेलं काम मोजलंय. डबा काय द्यायचा, पीठ कधी संपेल, आण्णांची पुढची तपासणी कधी, पोरीचा युनिफॉर्म आखूड झालाय, कुणाच्या लग्नाला किती आहेर, हे जे डोक्यात चोवीस तास चालू असतं ते कुठल्या मिनिटात धरणार. आमच्याकडं आम्ही एक केलं, काही गोष्टी अख्ख्या माझ्याकडं घेतल्या, नुसतं करायच्या नाहीत तर लक्षात ठेवायच्या सुद्धा. औषधं, बिलं, पोराच्या शाळेचा ग्रुप. "तू सांग, मी करतो" यात सांगायचं काम तिच्याचकडं राहतं ना. तू आण्णांच्या गोळ्या आणि तपासण्या पूर्ण तुझ्याकडं घे, तिला फरक पडेल आणि घरातलं वातावरण सैल झालं की तुलाही.

आता तुझ्यासाठी. आधी डॉक्टरकडं जा, हे मी सांगतोय म्हणून तरी जा. सगळं मनाचंच असतं असं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ तपासून घे. तुमचं माळकरी घर, मांसाहार नाही, बी-१२ कमी असायची शक्यता बरीच आणि ते कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. आण्णांना शुगर आहे म्हणजे तुझीही बघायलाच हवी. घोरतोस का आणि रात्री दचकून उठतोस का हे वहिनींना विचार आणि ते डॉक्टरांना सांग.

दुसरं, सरळ विचारतो, रागावू नको. सलग दोन-तीन आठवडे रोज उदास वाटतंय, कशातच गोडी नाही, जगायचाच कंटाळा आलाय, असं काही आहे का? असेल तर हे नुसत्या दमण्याच्या पुढचं आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलता येतं. आणि मला फोन कर, कितीही वाजता, मी उचलणार.

तिसरं, एक साधी वही. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगात असं दिसलं की अपूर्ण काम डोक्यात येत राहतं, पण ते कधी, कुठं, कसं करणार हे नेमकं ठरवलं की काम न करताच ते डोक्यात यायचं कमी होतं. मी हे ब्रँचमधनं निघताना करतो. राहिलेलं सगळं लिहायचं आणि प्रत्येकापुढं वार आणि वेळ, म्हणजे "यू-डायस बघणे" असं नाही, "मंगळवारी परिपाठानंतर टेकाडावर जाऊन तिसरीच्या तिघांची नावं दुरुस्त करणे" असं. वही शाळेतच ठेवायची, घरी आणायची नाही. याच्यानं काम कमी होत नाही, पण घरी येताना गाडीवर ते सगळं पाठीवर बसून येत नाही. आणि ग्रुप म्यूट कर, दिवसातनं दोन वेळा ठरवून बघ. खरंच तातडीचं असेल तर लोक फोन करतात.

एवढं लिहून झालं आणि तरी मला माहितीय की दमलेल्या माणसाला हे तिन्ही उपाय म्हणजे अजून तीन कामं वाटणार. म्हणून तू फक्त पहिलं कर. बाकीचं मी आल्यावर बघू.

हो, मी येतोय. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारची बँकेला सुट्टी असते, शुक्रवारी रात्री स्वारगेटवरनं एसटी पकडतो, उजाडायच्या आत पोचतो. घ्यायला येऊ नको, झोप. शनिवारी शाळा असेल तर मी पण येतो वाडीवर, तू पोरांना शिकव, ॲपमध्ये आकडे भरायचं काम माझ्याकडं दे, मला त्याची सवय आहे. रविवारी दोघांचे फोन वहिनींकडं देऊ आणि आण्णांबरोबर शेतात जाऊ. वहिनींना सांग, रविवारचा स्वयंपाक आपण दोघं करणार, रूमवर करायचो तसं पिठलं-भात, त्यांनी स्वयंपाकघरात यायचंच नाही.

आण्णांना आणि काकूंना नमस्कार, पोरीला सांग स्कॉलरशिपच्या गणिताची पुस्तकं घेऊन येतोय. आणि कोण कोण वाचायला लागलं ते मी आल्यावर तू मला सांगायचं, नावासकट.

तुझा,
जुना रूम पार्टनर